दाराबाहेर ताटकळलेला मंत्री: ब्रिटनमध्ये युनियन राजकीय पक्षाला पैसे का देतात?

२०२५ च्या मार्चमध्ये बर्मिंगहॅममधल्या कचऱ्याच्या गाड्या थांबल्या. महापालिकेने गाडीवरचं एक पद रद्द करायला घेतलं, त्यात काही जणांचा पगार घटणार होता, म्हणून ‘युनाइट’ या युनियनने बेमुदत संप पुकारला. महिना संपेपर्यंत रस्त्यांवर सतरा हजार टन कचरा साचला आणि काळ्या पिशव्यांच्या ढिगांचे फोटो जगभर फिरले.

संप कुठेही होतो, त्यात नवल नाही. नवल पुढेच आहे. बर्मिंगहॅमची महापालिका तेव्हा मजूर पक्षाची. लंडनमधलं सरकारही मजूर पक्षाचं. आणि युनाइट ही त्याच मजूर पक्षाला सर्वाधिक पैसे देणाऱ्या युनियनपैकी एक. जुलैमध्ये युनाइटच्या परिषदेने तेव्हाच्या उपपंतप्रधान अँजेला रेनर यांचं युनियनचं सभासदत्व निलंबित करायचा ठराव केला आणि पक्षाशी असलेलं नातंच नव्याने तपासायचं ठरवलं. रेनरबाईंनी सांगितलं, मी तर आधीच सभासदत्व सोडलंय.

आपल्याला हे सगळं बुचकळ्यात टाकतं, कारण आपल्याकडे गाडी उलट्या दिशेने आली. आधी पक्ष किंवा विचारधारा, मग तिची युनियन. काँग्रेसवाल्यांनी १९४७ साली इंटक उभी केली, दत्तोपंत ठेंगडींनी १९५५ साली भारतीय मजदूर संघ काढला, शिवसेनेने भारतीय कामगार सेना. त्यामुळे युनियन म्हणजे पक्षाची एक शाखा, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. ब्रिटनमध्ये युनियन ही आई आणि पक्ष ही लेक. लेक मोठी झाली, तिचा संसार थाटला गेला, पण घराच्या हप्त्यातला मोठा वाटा अजून आई भरते. मग लेकीच्या घरात आईचा शब्द किती चालावा?

हे भांडण शंभराहून जास्त वर्षं चालू आहे, आणि ते समजून घ्यायला आर्थर हेंडरसन या एका माणसाचं आयुष्य पाहिलं की पुरतं. ओतकामगार, युनियनचा पगारी माणूस, बावीस वर्षं मजूर पक्षाचा चिटणीस. आज ब्रिटनमध्येही त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही. पण घराचा नकाशा त्याने काढलेला आहे.

भट्टीपासून मतदारयादीपर्यंत

हेंडरसनचा जन्म १८६३ सालचा, ग्लासगोचा. वडील लवकर गेले, कुटुंब न्यूकॅसलला आलं आणि बाराव्या वर्षी पोरगा फाउंड्रीत उमेदवारी करायला लागला. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत ज्याने मोल्डिंग पाहिलंय त्याला हे काम सांगायला नको. पॅटर्नभोवती वाळू ठासायची, पॅटर्न अलगद काढायचा, उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. वाळूत ओल राहिली किंवा वाफ निघून जायला वाट ठेवली नाही, की कास्टिंग वाया.

त्याच्या युनियनचं नाव होतं ‘फ्रेंडली सोसायटी ऑफ आयर्न फाउंडर्स’. नावातलं ‘फ्रेंडली सोसायटी’ महत्त्वाचं. त्या काळी सरकारी बेकारभत्ता नव्हता, आजारपणाची रजा नव्हती. कामगार दर आठवड्याला युनियनकडे काही पेन्स भरायचा आणि काम सुटलं, हात भाजला, घरात मयत झाली, की तिथून पैसे मिळायचे. म्हणजे युनियन ही निम्मी भिशी आणि निम्मी विमा कंपनी होती. संप हा तिच्या अनेक उद्योगांतला एक. युनियनचा पैसा म्हणजे हजारो घरांची अडीअडचणीची पुंजी, हे ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

हेंडरसन मेथडिस्ट पंथाचा होता, दारूला शिवायचा नाही, रविवारी प्रवचन द्यायचा. बोलायला तो तिथेच शिकला. १८९२ साली तो युनियनचा पगारी संघटक झाला आणि काही वर्षांनी त्याने वेगळीच नोकरी धरली: सर जोसेफ पीझ या लिबरल खासदाराचा निवडणूक एजंट. पीझ म्हणजे खाणी आणि रेल्वेवाल्या श्रीमंत घराण्यातले. कामगारांचा माणूस मालकाच्या प्रचाराला कसा, असं वाटेल. पण तेव्हा कामगारांना पक्षच नव्हता, आणि लिबरल त्यातल्या त्यात बरे, एवढाच हिशोब होता.

या नोकरीत त्याला खरं शिक्षण मिळालं. तेव्हा एजंटची मुख्य लढाई मतदारयादीची असे. आपल्या माणसाचं नाव यादीत घालायचं, समोरच्याच्या माणसावर हरकत घ्यायची. भाषणं गाजवणारे पुष्कळ होते. यादी घेऊन दारोदार फिरणारे थोडे.

युनियनला स्वतःचा पक्ष का लागला?

१८९९ साली रेल्वे कामगारांच्या युनियनच्या डॉनकास्टर शाखेने एक ठराव लिहिला: संसदेत कामगारांचे स्वतःचे प्रतिनिधी वाढवण्यासाठी सगळ्यांची बैठक बोलवा. युनियनच्या महासंघात तो मंजूर झाला आणि २७ फेब्रुवारी १९०० रोजी लंडनच्या मेमोरियल हॉलमध्ये १२९ प्रतिनिधी जमले. ओतकामगारांच्या वतीने हेंडरसन तिथे होता. तिथे जी समिती स्थापन झाली तिचाच पुढे मजूर पक्ष झाला.

पहिल्या वर्षी फारसं कोणी विचारलं नाही. मग १९०१ साली न्यायालयाने सगळ्यांना जागं केलं. वेल्समधल्या टॅफ व्हेल रेल्वे कंपनीने संपामुळे झालेल्या नुकसानीसाठी रेल्वे युनियनवर खटला भरला होता. निकाल लागला की संपाची भरपाई युनियनच्या तिजोरीतून वसूल करता येईल. २३,००० पौंड भरपाई, वर खटल्याचा खर्च. आजारपणासाठी, मयतीसाठी साठवलेला पैसा कंपनीच्या घशात.

यापुढे संप करणं म्हणजे घरावर तुळशीपत्र ठेवणं झालं. कायदा बदलल्याशिवाय सुटका नाही आणि कायदा संसदेत बदलतो. दोन वर्षांत समितीशी जोडलेल्या युनियनची सभासदसंख्या दुपटीहून जास्त झाली. माझ्या मते मजूर पक्षाचे खरे संस्थापक हे टॅफ व्हेलचे न्यायाधीश होत; त्यांचा पुतळा मात्र कुठे नाही.

१९०३ मध्ये पीझ वारले. त्यांच्या बर्नार्ड कॅसल मतदारसंघात पोटनिवडणूक लागली आणि त्यांचा जुना एजंट स्वतःच उभा राहिला, कामगारांचा उमेदवार म्हणून, लिबरल आणि हुजूर अशा दोघांच्या विरोधात. मतदारसंघाच्या याद्या त्याच्या तोंडपाठ होत्या. तो ४७ मतांनी निवडून आला. १९०६ मध्ये पक्षाचे २९ खासदार झाले आणि त्याच वर्षी टॅफ व्हेलचा निकाल निष्प्रभ करणारा कायदा आला.

वर्गणी: नको असेल त्याने सांगायचं, की हवी असेल त्याने?

इथे एक तांत्रिक मुद्दा आहे. तो समजला की ब्रिटिश वर्तमानपत्रांतल्या निम्म्या बातम्या आपोआप कळतात.

आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्स बिलात दर वर्षी गणपतीची वर्गणी आपसूक जोडून येते. ज्याला द्यायची नसेल त्याने सेक्रेटरींना पत्र द्यायचं. बारा वर्षांत असं पत्र दोघांनी दिलं. एका वर्षी नव्या कमिटीने नियम फिरवला: ज्यांना द्यायची आहे त्यांनी फॉर्म भरावा. वर्गणी निम्म्यावर आली. भक्ती तेवढीच होती, कंटाळा फॉर्मचा होता.

ब्रिटनमध्ये युनियनच्या पक्षनिधीचं भांडण तंतोतंत हेच आहे. १९०९ साली रेल्वे युनियनच्याच एका शाखेचा चिटणीस वॉल्टर ऑस्बोर्न न्यायालयात जिंकला. तो लिबरल होता. माझ्या वर्गणीतून मजूर पक्षाला पैसे का, हा त्याचा सवाल. न्यायालयाने युनियनचा राजकीय खर्चच बेकायदा ठरवला. खासदारांना तेव्हा पगार नसे, युनियनच्या पैशांवरच कामगार खासदारांची चूल पेटायची. १९११ मध्ये खासदारांना वर्षाला ४०० पौंड मिळू लागले आणि १९१३ मध्ये तडजोडीचा कायदा आला: राजकारणासाठी सभासदांचं मतदान घेऊन वेगळा निधी काढा, आणि ज्याला द्यायचं नसेल त्याला लेखी कळवून बाहेर पडू द्या.

पुढे सरकारं बदलली तसा हा नियम फिरत राहिला. १९२६ च्या सार्वत्रिक संपानंतर हुजूर पक्षाने तो उलटा केला, तेव्हा पक्षाशी जोडलेली सभासदसंख्या जवळपास तृतीयांशाने घसरली. १९४६ मध्ये मजूर सरकारने सुलटा केला. २०१६ मध्ये नव्या सभासदांसाठी पुन्हा उलटा, २०२५ च्या कायद्याने पुन्हा सुलटा. कोण सत्तेवर आहे हे फॉर्म बघून ओळखावं.

याचं एक टोक आपल्याकडेही पोचलं. टॅफ व्हेलसारखाच प्रकार मद्रासच्या बकिंगहॅम मिलमध्ये झाला, युनियनच्या पुढाऱ्यांना कंपनीने कोर्टात खेचलं, आणि ना. म. जोशींनी १९२१ साली मध्यवर्ती विधिमंडळात युनियनना संरक्षण देणाऱ्या कायद्याची मागणी मांडली. तो कायदा १९२६ मध्ये झाला. त्यात राजकीय खर्चासाठी वेगळा निधी काढायची मुभा होती, वर्गणीची सक्ती करू नये असंही म्हटलं होतं. ब्रिटनमध्ये त्या निधीवर पक्ष उभा राहिला. आपल्याकडे ते कलम बहुतेक कामगारांच्या गावीही नव्हतं.

दाराबाहेरचा तास

१९१२ साली हेंडरसन पक्षाचा चिटणीस झाला. हे पद नेत्याचं नव्हे. नेता संसदेत बोलतो. चिटणीस पैसा, शाखा, उमेदवार आणि परिषद सांभाळतो. १९१४ मध्ये महायुद्धाला विरोध करून रॅम्से मॅकडोनल्डने नेतेपद सोडलं आणि तेही हेंडरसनच्या गळ्यात पडलं. पुढे तो युद्धकालीन सरकारात गेला आणि १९१६ मध्ये पंतप्रधान लॉईड जॉर्जच्या मोजक्या माणसांच्या युद्धमंत्रिमंडळात बसला. फाउंड्रीतून निघालेला पोरगा साम्राज्याच्या सर्वोच्च टेबलाशी! त्याच वर्षी त्याचा थोरला मुलगा सोमच्या लढाईत पडला. युद्धाला त्याचा पाठिंबा होता आणि त्याची किंमत त्याने घरातून मोजली होती.

चिटणीसपद मात्र त्याने सोडलं नाही. एक पाय मंत्रिमंडळात, एक पक्षात. दोन डगरींवर पाय.

१९१७ च्या उन्हाळ्यात सरकारने त्याला क्रांतीने हललेल्या रशियाला पाठवलं. तिथली अवस्था पाहून तो दोन गोष्टी मनाशी धरून परतला. एक, स्टॉकहोमला सर्व देशांच्या समाजवादी पक्षांची शांतता परिषद भरणार होती, तिला आपण जायला हवं. नाहीतर रशियातलं नेमस्त सरकार टिकायचं नाही. दुसरी, ब्रिटनमध्ये कामगारांना भक्कम संसदीय पक्ष मिळाला नाही तर इथेही तेच होईल. परिषदेच्या जुळवाजुळवीसाठी तो पक्षाचा चिटणीस म्हणून पॅरिसला गेला, तोही युद्धविरोधी मॅकडोनल्डला बरोबर घेऊन. मंत्रिमंडळातले सहकारी भडकले.

१ ऑगस्टला तो मंत्रिमंडळाच्या बैठकीला आला तर त्याला बाहेर थांबायला सांगण्यात आलं. आत त्याच्याच वागण्यावर चर्चा चालली होती. साम्राज्याच्या युद्धमंत्रिमंडळाचा सभासद तासभर बंद दाराबाहेर, पायपुसण्यावर. ब्रिटिश इतिहासात या प्रसंगाला ‘पायपुसण्याचं प्रकरण’ असंच नाव पडलंय. १० तारखेला पक्षाच्या खास परिषदेने स्टॉकहोमला जायचा कौल दिला, ११ तारखेला हेंडरसनने राजीनामा दिला.

आत बसलेल्यांना वाटलं, एका मंत्र्याला जागा दाखवली. प्रत्यक्षात त्यांनी एका कुशल एजंटला मोकळा वेळ दिला होता.

एका घराला दुसरं दार

तोवर मजूर पक्षाचं सभासदत्व थेट घेताच येत नव्हतं. युनियनमध्ये असाल किंवा एखाद्या समाजवादी संस्थेत, तर तिच्यामार्फत तुम्ही पक्षात. शिक्षिका, दुकानदार, घर सांभाळणारी बाई यांना दारच नव्हतं. आणि १९१८ च्या कायद्याने तर मतदार पाऊण कोटींवरून दोन कोटींच्या वर जाणार होते, त्यात तीस वर्षांवरच्या स्त्रियाही.

सिडनी वेब या समाजवादी विचारवंताला हाताशी धरून हेंडरसनने नवी घटना लिहिली. फेब्रुवारी १९१८ मध्ये ती मंजूर झाली. प्रत्येक मतदारसंघात पक्षाची शाखा, तिथे कोणीही थेट सभासद. उत्पादनाच्या साधनांच्या सामाईक मालकीचं ते गाजलेलं चौथं कलमही याच घटनेतलं. टोनी ब्लेअरने १९९५ मध्ये ते बदललं, त्यावर ढीगभर लिहिलं गेलंय, मी ते बाजूला ठेवतो. मला खरी मेख मतांच्या हिशोबात दिसते.

पक्षाच्या परिषदेत युनियनचा प्रतिनिधी आपल्या सगळ्या सभासदांची मतं एकाच कार्डाने टाकायचा. अगदी शब्दशः एकगठ्ठा मतदान. वर सांगितलेल्या स्टॉकहोमच्या ठरावाला १८ लाख ४६ हजार मतं पडली. सभागृहात काही शे माणसं होती. नव्या घटनेत शाखांना दार मिळालं, पण कार्यकारिणी निवडायची याच परिषदेने. म्हणजे नवे लोक आत या, बसा, बोला, तिजोरीची किल्ली मात्र जुन्यांच्या कनवटीला. युनियननी ही घटना मान्य केली ती या अटीवर. लोकशाहीच्या पुस्तकात बसणारा हा प्रकार नव्हे. पण तशी अट नसती तर घटनाच झाली नसती.

निकाल लवकर दिसला. १९१८ मध्ये ५७ खासदार, १९२२ मध्ये १४२, १९२३ मध्ये १९१, आणि जानेवारी १९२४ मध्ये पहिलं मजूर सरकार. गंमत म्हणजे पक्षाला निवडणुका जिंकून देणारा हा माणूस स्वतः १९१८ मध्ये पडला, १९२२ मध्ये पडला, १९२३ मध्येही पडला. दर वेळी कुठूनतरी पोटनिवडणुकीतून परत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

म्हणजे पक्ष युनियनच्या खिशातच की!

ही शंका रास्त आहे, आणि हेंडरसनच्या आयुष्यातच तिची परीक्षा झाली. १९२९ मध्ये तो परराष्ट्रमंत्री झाला. दोन वर्षांत मंदीने तिजोरी रिकामी केली. कर्ज हवं तर बेकारभत्ता दहा टक्के कापा, असा दबाव आला. युनियनच्या महासंघाने साफ नकार दिला. २३ ऑगस्ट १९३१ ला मंत्रिमंडळ कपातीच्या बाजूने ११, विरोधात ९ असं फुटलं. हेंडरसन नवांत होता. पंतप्रधान मॅकडोनल्डने दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षांबरोबर सरकार बनवलं, आणि हेंडरसन पुन्हा एकदा पक्षाचा नेता झाला.

टीकाकार म्हणाले, बघा, युनियनने शेपूट हलवलं आणि मंत्री हलले. पण बेकारीच्या काळात युनियनच्या त्या काही पेन्सांवर घरं कशी तगतात हे हेंडरसनने तरुणपणी पाहिलं होतं. दहा टक्के म्हणजे काय हे त्याला महासंघाने समजावून सांगायची गरज नव्हती. ऑक्टोबरच्या निवडणुकीत पक्ष २८७ वरून ५२ वर आला आणि हेंडरसनही पडला.

उलट बाजूची उदाहरणंही भरपूर आहेत. १९६९ मध्ये मजूर सरकारनेच युनियनना लगाम घालायचा प्रयत्न केला. १९७८-७९ च्या हिवाळ्यात त्याच सरकारविरुद्ध संपांची रांग लागली. पैसा देणाऱ्याचं ऐकतात, पण नेहमी नाही. आणि ऐकत नाहीत म्हणून पैसा बंद होतो, तोही क्वचितच. परिषदेत पूर्वी दहातली नऊ मतं युनियनची असत, आता निम्मी आहेत.

आणि चिटणीस म्हणजे शेवटी कारकूनच ना?

ज्याच्या हाती उमेदवारांची यादी आणि हिशोबाची वही, त्याला कारकून म्हणायचं असेल तर म्हणा. हेंडरसननंतरही ही वाट वाहती राहिली: लॅरी व्हिटी, टॉम सॉयर, इयन मॅकनिकल, जेनी फॉर्म्बी, सगळे युनियनच्या कचेरीतून पक्षाच्या सरचिटणीसपदावर आले. पक्षात भांडण पेटलं की पहिला दगड याच खुर्चीवर पडतो.

हेंडरसन १९३४ मध्ये त्या खुर्चीवरून उठला. शेवटची वर्षं त्याने जिनिव्हाच्या जागतिक निःशस्त्रीकरण परिषदेचा अध्यक्ष म्हणून काढली. ही परिषद फेब्रुवारी १९३२ मध्ये सुरू झाली तेव्हा तो ना मंत्री होता ना खासदार. उद्घाटन तासभर पुढे ढकलावं लागलं, कारण जपानने शांघायवर हल्ला केला होता आणि राष्ट्रसंघ त्यावर बैठक घेत होता. पुढच्या वर्षी जर्मनी उठून गेला. १९३४ चं शांततेचं नोबेल हेंडरसनला मिळालं, ऑक्टोबर १९३५ मध्ये तो गेला. ते पदक न्यूकॅसलच्या महापौर निवासातून २०१३ मध्ये चोरीला गेलं.

युनाइटने खरंच नातं तोडलं तर?

पक्षाची मोठी वर्गणी जाईल, आणि युनाइटचं परिषदेतलं मत आणि कार्यकारिणीतली जागाही जाईल. म्हणून धमकी वरचेवर ऐकू येते आणि काडीमोड क्वचित होतो. अग्निशमन दलाची युनियन २००४ मध्ये रागाने बाहेर पडली होती. २०१५ मध्ये परत आली. परत न आलेल्यांपैकी एक पाहा. स्कॉटलंडमधल्या शाखांनी दुसऱ्या पक्षाशी जुळवून घेतलं म्हणून २००४ मध्ये मजूर पक्षाने आरएमटी या युनियनला काढून टाकलं. आरएमटी म्हणजे रेल्वे कामगारांच्या त्याच जुन्या युनियनची आजची वारस. टॅफ व्हेलची भरपाई हिनेच भरली, ऑस्बोर्नचा खटला हिच्याच पोटात उपटला, आणि ‘बैठक बोलवा’ हा ठराव लिहिणारी डॉनकास्टरची शाखाही हिचीच.